फर्माईशीच्या वेळी बंद राहणारी गिरणी

मागच्या महिन्यात रेडिओचं बटण निखळलं म्हणून तो घेऊन मी बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो उलटा केला, सुलटा केला, आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून द्यावा तसा परत माझ्या हातात दिला. म्हणाला, "बाबा, आता हे कोण ऐकतं? जुनी गाणी, फर्माईश, ते सगळं संपलं. रेडिओ मेला."

मी रेडिओ पिशवीत टाकला. भांडायला मी कमी नाही, आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. पण त्या वेळी मला गिरणीवाले काशिनाथ नाना आठवले आणि हसूच आलं. दुकानदाराला वाटलं असेल, म्हातारा खुळावला. कारण नानांनाही एकदा एक जण हेच म्हणाला होता. दळण न्यायला आलेला कुठल्याशा ऑफिसातला माणूस होता. नाना गिरणीच्या तोंडात गहू ओतत होते. मान वर न करता आपल्या अहिराणीत म्हणाले, "मरी गया? मंग त्यानं तेरावं कव्हय कयं? माले त कोनी बलावं नई."

असे हे नाना. तो रेडिओही त्यांचाच, त्यांच्यामागे माझ्याकडे आलेला. घरी येऊन मी सायकलीच्या व्हॉल्व्हचं रबर घातलं आणि बटण बसवलं. आता पहिल्यापेक्षा घट्ट बसलंय.

नाना गेले, आता त्यांच्यावर कोण लिहिणार? मी चौथी शिकलेला. चोपड्यात पंक्चरं काढण्यात जन्म गेला. लिहिताना बोलल्यासारखं होईल. ज्याला चालेल त्याने वाचावं.

माझं दुकान रस्त्याच्या या बाजूला, नानांची गिरणी त्या बाजूला. मधून बैलगाड्या, मग ट्रॅक्टर, मग केळीचे ट्रक गेले, पण आमची तोंडं समोरासमोरच राहिली. बुटका माणूस. भुवया, मिशा, पापण्या, सगळं पिठाने पांढरं. फक्त उजवा कान स्वच्छ. रेडिओ कानाला लावायच्या आधी नाना उपरण्याच्या टोकाने कान पुसायचे, मग रेडिओ पुसायचे. लोक देवाला गंध लावताना इतकं करत नाहीत.

जळगावच्या रेडिओवर दुपारी जुन्या गाण्यांची फर्माईश लागायची. आता गिरणी चालू असताना रेडिओ ऐकू येणार कसा? तिथे शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. दुसरा कोणी असता तर त्याने रेडिओ घरी ठेवला असता. नानांनी गिरणी बंद ठेवली. फर्माईश सुरू व्हायच्या आधी खटका खाली. पट्टा फडफड करत थांबायचा, पिठाचा धुरळा खाली बसायचा, आणि सगळा रस्ता एकदम बहिरा झाल्यासारखा वाटायचा. मी पंक्चर काढता काढता त्या शांततेवरून ओळखायचो की दुपार झाली. मला घड्याळाची गरज पडली नाही.

बाया डबे घेऊन ओळीने बसलेल्या असायच्या. कोणी बोलायला लागली की नानांचं बोट वर. फक्त एक बोट, पांढरंफेक. चिडून नाही हं. शाळेत पोराला उत्तर येत असलं की कसं वर करतं, तसं. त्या बोटापुढे भल्याभल्या चूप व्हायच्या. आमच्या गल्लीतली एक बाई तर नवऱ्याला म्हणायची, "तुमच्यापेक्षा नानांचं बोट बरं, मी ऐकते तरी त्याचं."

एकदा एक लग्नघरवाले पुऱ्यांसाठी गव्हाची पोती घेऊन आले. बरोबर आचारी, आणि तो घामाघूम. नेमकी फर्माईशीची वेळ. आचारी म्हणाला, "नाना, दळून द्या पटकन, लग्न आहे."

"लगीन काय आजच शे?"

"हो नाना, आजच आहे!"

"मंग बठ्ठा जन बसा. नवरदेवले बी सांगा, दोन गाणा ऐकी ले. पुढे त्याले येळ भेटनार नई."

आचाऱ्याने कपाळावर हात मारला आणि पोत्यावर बसला. दुसऱ्या गाण्याला तोच मान हलवत होता.

कोणाला वाटेल नाना गाण्यातले मोठे जाणकार. छे. नानांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. सिनेमाचं नाव हमखास चुकायचं, गाणाऱ्याचं नाव तर कधीच बरोबर आलं नाही. गुणगुणायला लागले की गिरणी बरी वाटायची. त्यांनी गाण्यांना आपलीच नावं ठेवली होती. रुमालाचं गाणं, आगगाडीचं गाणं, ती बाई दार उघडत नाही ते गाणं. फर्माईशीच्या कार्डावरही तेच लिहायचे. एकदा तर लिहिलं होतं, "मागच्या वेळी लावलं ते नको, ते रडकं होतं, दुसरं." रेडिओवरच्या निवेदक बाई गोड आवाजाच्या आणि सोशीक होत्या. त्या म्हणायच्या, "चोपड्याच्या नानांनी रुमालाचं गाणं मागवलंय. रुमालाची आम्हाला बरीच सापडली. त्यातलं एक लावतेय, नानांनी गोड मानून घ्यावं."

गाणं सुरू झालं की नाना आम्हाला सांगायचे, "हाई नई. पन हाई बी चांगलं शे."

त्यांची मुलगी मंगला धुळ्याला दिलेली. तिने एका दिवाळीला वडलांना मोबाईल आणून दिला. त्यात पाहिजे ते गाणं पाहिजे तेव्हा लागतं, हे तिने शिकवलं. नाना शिकले. आठ दिवस वाजवलं आणि ठेवून दिलं. मी म्हटलं, "काय नाना, एवढा भारी मोबाईल!"

म्हणाले, "दगडू, मोबाईलमा गाणं सापडस. रेडिओवर गाणं येस. येल पाव्हन्याची मजा येगळी का नई?"

मी म्हटलं, "पण नको तो पाहुणाही येतो ना."

"येऊ दे. कोनीतरी बलायेल शे त्याले. आपला नई त दुसराना पाव्हना."

ही त्यांची खरी गंमत होती. त्यांना स्वतःच्या गाण्यापेक्षा दुसऱ्यांच्या फर्माईशीत जास्त रस. कोणत्या गावाहून कोणी काय मागितलं, कोणाच्या नावापुढे आज नवीन सुनेचं नाव आलं, ते सगळं लक्षात. तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसांबद्दल ते नातेवाइकांसारखं बोलायचे. फैजपूरचे कोणी वसंतभाऊ होते, केळीवाले. त्यांचं नाव दर आठ-पंधरा दिवसांनी रेडिओवर यायचं. मध्येच यायचं बंद झालं. नानांचं लक्ष लागेना. दळणात ज्वारीवर गहू ओतला, एका बाईने आरडाओरडा केला. शेवटी एक दिवस गिरणीला कुलूप लावून बसने फैजपूरला गेले. विचारत विचारत वसंतभाऊंच्या मळ्यावर पोचले. वसंतभाऊ धडधाकट. रेडिओत पाणी गेलं होतं म्हणून फर्माईश बंद, एवढंच.

"कोण तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"चोपडाना काशिनाथ. गिरणीवाला."

त्या माणसाने म्हणे हातातला विळा टाकला आणि नानांना मिठी मारली. रात्री मुक्काम, भरीत-भाकरी, आणि सकाळी परत येताना केळीचा एक अख्खा घड. तो घड बसच्या टपावर टाकून नाना आले. आठवडाभर दळणाबरोबर केळं फुकट. मला म्हणाले, "त्यानं माले आवाजवरतीन वळखं नई. आवाज कधी ऐकेलच नई ना त्यानी. नाव सांगं तवय वळखं." एवढं सांगून एकटेच हसत बसले.

पुढे मग ते झालं. फर्माईश रोजची होती ती आठवड्यातून एकदा झाली. पत्रंच येत नाहीत म्हणे. आणि बाईंनी एकदा रेडिओवरच सांगितलं की श्रोत्यांनो, पत्रं पाठवत राहा, नाहीतर हाही कार्यक्रम राहील की नाही सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी नानांनी गिरणीच्या दारावर खडूने लिहिलं, "गाणं सांगा, मग डबा ठेवा."

लोकांना आधी चेष्टा वाटली. पण खरंच, गाणं सांगितल्याशिवाय नाना डबा घेईनात. बाया पदराआड हसायच्या. एका पोक्त बाईने आरती सांगितली. एकीने सांगितलं, "मला एकच गाणं येतं, ते मी पोराला झोपवताना म्हणते." नाना म्हणाले, "ते रेडिओवाल्यासकडे नई, ते तूच म्हन." आणि तिला तिथेच म्हणायला लावलं. मग नाना सगळ्यांची नावं घालून कार्ड टाकायचे. शेवटी माझं नाव, आणि माझ्या बायकोचं.

माझी बायको इंदू. तिला नाना विचारायचे, "वहिनी, कोनतं?" ती म्हणायची, "कोनतंबी टाका." दर वेळी हेच. नाना वैतागायचे. "कोनतंबी नावनं गाणं नई शे वहिनी. रेडिओवाल्या बाई शोधी शोधी थकी जाईन." इंदू हसून डबा ठेवायची. ती बोलायला कमी. मी दोघांचं बोलून घ्यायचो.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. नानांच्या प्रत्येक कार्डावर पहिलं नाव नानांचं आणि दुसरं गिरजाबाईंचं. गिरजाबाई म्हणजे नानांची बायको. त्या मंगला लहान असतानाच वारल्या. तरी दर फर्माईशीला रेडिओवर, "चोपड्याहून काशिनाथ नाना, गिरजाबाई..." सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही म्हणत नव्हतं. नानांचं खूळ म्हणून सोडून द्यायचे.

पण एकदा घोळ झाला. कार्ड टाकलं की ते वाचलं जायला किती दिवस लागतील याचा नेम नसतो. मधल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने हौसेने गाणं सांगितलं, नानांनी कार्ड टाकलं, आणि म्हातारा वारला. दहाव्याला घरात सगळे जमलेले, शेजारच्या घरातला रेडिओ चालू, आणि त्यातून म्हाताऱ्याचं नाव. ते हे गाणं ऐकू इच्छितात. गाणंही कसलं, तर नाचायचं. म्हाताऱ्याचा मुलगा तसाच उठून गिरणीवर आला. "आमच्या बापाची चेष्टा करता का?" असं काय काय बोलला. नाना पिठाचे हात जोडून उभे. तो गेल्यावर मला म्हणाले, "त्यानं बरोबर शे. मनं दुःख मनं. गिरजानं नाव मी वाचाले लावस ते मना घरनं. दुसराना घरमा मी कसाले घुसू?"

तेव्हापासून नाना घाबरून असायचे. कोणी आजारी आहे असं कळलं की त्याचं गाणं कार्डावर घ्यायचे नाहीत.

आणि मग इंदू आजारी पडली.

दळणाचा डबा घेऊन मी जायला लागलो. पहिल्या दिवशी नानांनी मला गाणं विचारलं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, "का हो, माझं दळण फुकट आहे का? गाणं विचारा."

नानांनी डबा हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "वहिनीले इचारी ये."

मी रस्ता ओलांडून घरी गेलो. इंदू भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हटलं, "नाना विचारताहेत, कोणतं गाणं?" मला वाटलं, आता म्हणेल कोणतंबी. तिने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "ते विहिरीचं." आणि पहिली ओळ म्हटली. तिचा आवाज बसलेला, पण सूर नेमका. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण तिला असं काही येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मी परत येऊन नानांना सांगितलं, "विहिरीचं."

नानांनी डोळे मोठे केले. "वहिनी विहीरनं गाणं म्हने? ते त गिरजानं शे!" असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर कार्ड लिहिलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. आजाऱ्याचं गाणं घ्यायचं नाही हा त्यांचा नेम त्यांनी आमच्यासाठी मोडला.

कार्ड वाचलं जायच्या आधी इंदू गेली.

ते दिवस कसे होते ते मी लिहिणार नाही. ज्याच्यावर आलेत त्याला माहीत, आणि ज्याच्यावर नाही आले त्याला सांगून काय कळणार? धुळ्याकडून माझी थोरली बहीण अक्का आली होती, तिने घर सांभाळलं. मी ओट्यावर बसून राहायचो. समोर गिरणी. एक दिवस गिरणीला कुलूप. संध्याकाळी नाना बसमधून उतरले आणि घरी न जाता सरळ माझ्या ओट्यावर आले. पहिल्यांदाच मी त्यांना पीठ नसलेलं पाहिलं. ओळखू येईनात.

"जळगावले जाई वनू," म्हणाले. "रेडिओवर."

मी विचारलं, "कशाला?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. इंदूचं कार्ड अजून वाचायचं आहे हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. मधल्या गल्लीत झालं तसं माझ्या घरी होऊ नये. ते कार्ड काढून घ्यावं, नाहीतर इंदूचं नाव तरी खोडावं, म्हणून गेले होते. गेटवरच्या माणसाने आधी सोडलं नाही. नानांनी नाव सांगितलं. आतून निवेदक बाई स्वतः आल्या. "तुम्ही रुमालाच्या गाण्याचे नाना?" म्हणून पाया पडायला लागल्या. चहा दिला. मग नानांनी कशासाठी आलो ते सांगितलं. बाईंनी कार्ड शोधून काढलं, नानांसमोर ठेवलं, पेन दिलं. म्हणाल्या, "तुमच्या हाताने खोडा नाना. मी नाही खोडत."

"मग?" मी म्हटलं.

"मना हातच चालना नई, दगडू. वरे गिरजानं नाव, खाले वहिनीनं. पेन धरीसन बसनू. बाईंना चहा थंडा व्हई गया." ओट्यावर बसून ते हाताचे तळवे बघत राहिले. मग म्हणाले, "तसंच ठेई वनू. या आठवड्याले वाचतीन. पन घर तुनं शे. तू सांग. नको म्हनशी त बाईले आत्ते फोन करस. त्या खोडी टाकतीन."

आतून अक्का बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "सुतकमा गाणं? लोके काय म्हंतीन भाऊ? घरनी बाई गयी आनि हाऊ रेडिओ ऐकस, अशे म्हंतीन."

नाना उठून उभे राहिले. "आक्का बरोबर म्हनस," म्हणाले. "करस मी फोन." आणि खिशातून मोबाईल काढला. मंगलाने दिलेला तोच.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "राहू द्या." अक्काला म्हटलं, "अक्का, तिनं जन्मात एकदाच काही मागितलं. ते माझ्याकडेही नाही, रेडिओकडे मागितलं. ते मी खोडू का?"

अक्का पदर तोंडाला लावून आत गेली. नानांनी मोबाईल खिशात टाकला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. पीठ नसलेला हात. त्याचंही वजन मला आठवतं.

त्या आठवड्यात फर्माईशीच्या दिवशी मी रस्ता ओलांडून गिरणीवर गेलो. अक्काही मागून आली आणि दाराशी उभी राहिली. दळणाच्या बाया बसलेल्या होत्या, त्यांना कळलं होतं. नानांनी खटका पाडला. पट्टा थांबला. कान पुसला, रेडिओ पुसला, पण त्या दिवशी कानाला लावला नाही. गव्हाच्या पोत्यावर मध्ये ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

पहिलं गाणं कोणा एरंडोलच्या मंडळींचं. दुसरं कोणाचं ते आठवत नाही. मग बाई म्हणाल्या, "चोपड्याहून काशिनाथ नाना, गिरजाबाई, दगडूभाऊ आणि इंदूबाई." इंदूबाई म्हणताना त्या अर्धा क्षण थांबल्या. माहीत असलेल्या माणसालाच कळावं एवढंच. पुढे काही जास्त बोलल्या नाहीत. कै. म्हणाल्या नाहीत, स्मरणार्थ म्हणाल्या नाहीत. "यांना ऐकायचंय विहिरीचं गाणं," एवढंच. आणि लावलं.

तेच होतं. अगदी तेच, इंदूने म्हटलेलं. पहिल्यांदाच नाना म्हणाले नाहीत की हाई नई.

गाणं संपलं तरी नानांचं बोट वरच. गिरणी सुरू करेनात. बाया पदराने डोळे पुसत बसल्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "नाना, दळा आते. पोरे घर वाट दखी ऱ्हायनात." तेव्हा नानांनी खटका वर केला. त्या आवाजाचा मला त्या दिवशी आधार वाटला. मी दुकानात गेलो आणि कित्येक दिवस पडून असलेलं एक वाकडं चाक सरळ केलं.

पुढच्या आठवड्यात मधल्या गल्लीत वारलेल्या त्या म्हाताऱ्याची बायको एकटीच डबा घेऊन आली. डबा ठेवला आणि इकडेतिकडे बघत नानांना म्हणाली, "ते नाचायचं परत लावतात का हो? यांचं नाव घालून?" नाना म्हणाले, "पोरगा?" म्हातारी म्हणाली, "त्याले कशाला सांगता?" नानांनी कार्ड काढलं.

अशी मग बरीच नावं आली. काही लोकांनी नावंही ठेवली, मेलेल्या माणसांची फर्माईश म्हणून. पण कार्डं वाढली. निदान चोपड्याची तरी वाढली. कार्यक्रम बंद व्हायचा होता तो राहिला, आठवड्यातून एकदा का होईना. तो नानांमुळे राहिला असं मी म्हणणार नाही. मला काय माहीत तिथे कोण काय ठरवतं. पण मी माझ्यापुरतं सांगतो. इंदू गेल्यावर तिचं नाव घरात घ्यायला कोणी उरलं नव्हतं. मी एकटा कोणाशी बोलणार? नानांनी ते नाव सगळ्या खानदेशाला ऐकवलं, आणि तेही रडत नाही, गाणं मागत. त्यासाठी मी त्या माणसाचा जन्मभर ऋणी राहीन. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी बोट वर केलं असतं.

मागच्या पावसाळ्यात नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मंगला त्यांना धुळ्याला घेऊन गेली. गिरणी दुसऱ्याने घेतली. माणूस चांगला आहे, दळणही बारीक देतो, पण त्याची गिरणी दुपारी थांबत नाही. आता मला घड्याळ बघावं लागतं.

मी नानांना भेटायला जायचं ठरवलं. जायच्या आधी पोस्टातून कार्ड आणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी फर्माईश लिहिली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नावं टाकली: काशिनाथ नाना, गिरजाबाई, इंदूबाई, दगडू. गाणं: विहिरीचं, बाईंना माहीत आहे ते. ते कधी वाचतील याचा नेम नव्हताच. मी आपला फर्माईशीचा दिवस बघून धुळ्याच्या बसमध्ये बसलो. वाचलं तर वाचलं.

मंगलाचं घर तिसऱ्या मजल्यावर. नाना खिडकीशी कॉटवर, स्वच्छ, पांढऱ्या गंजीत. पिठाचा पांढरा रंग वेगळा आणि हा वेगळा. मला बघून त्यांचे डोळे भरून आले, माझेही. मी म्हटलं, "काय नाना, धुळ्याच्या पाण्याने गोरे झालात." तोंडाची डावी बाजू हसली.

वेळ झाली. त्यांचा रेडिओ उशाशीच होता. मी लावला, पण तिथे जळगाव लागेना. नुसती खरखर. मी खिडकीत धरला, दारात धरला, काही नाही. नाना बघत होते. मग मंगला म्हणाली, "काका, थांबा," आणि तिने आपल्या मोबाईलवर काहीतरी दाबलं. त्यातून जळगावच्याच बाईंचा आवाज आला. जशाचा तसा. मोबाईल असेना का, पण गाणं रेडिओचंच येत होतं. म्हणजे कोणीतरी बोलावलेलं.

मंगलाने मोबाईल त्यांच्या कानाशी नेला. नानांनी मान फिरवली. ती म्हणाली, "अहो आबा, रेडिओच आहे हा." त्यांनी परत मान फिरवली. तिला कळेना. मला कळलं. मी कॉटवरच्या चादरीचं टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ते हळूहळू उजव्या कानापर्यंत नेलं, कान पुसला, आणि मग मंगलाकडे बघितलं. तिने आपल्या पदराने मोबाईल पुसला. मग त्यांनी कान पुढे केला.

दोन गाणी झाली. आत स्वयंपाकघरात मंगलाच्या सासूबाई चटणी करत होत्या, मिक्सर घरघरत होता. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "चोपड्याहून काशिनाथ नाना, गिरजाबाई..."

नानांचा डावा हात चादरीवरून उठला. एक बोट वर झालं.

मंगला उठून आत गेली, आणि मिक्सर बंद झाला.